सिद्धता बरोबर होती, घोळ पक्षात होता: सॉफ्टवेअर ‘सिद्ध’ करतात म्हणजे नेमकं काय करतात

बायनरी सर्च माहितीये ना, कॉलेजात पहिल्या-दुसऱ्या सेमिस्टरला शिकवतात ते. क्रमाने लावलेल्या यादीत एखादी गोष्ट शोधायची तर थेट मधोमध जायचं, हवी ती गोष्ट त्याहून लहान असेल तर डावा अर्धा भाग घ्यायचा, मोठी असेल तर उजवा, आणि परत तेच. दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम, यात चुकण्यासारखं काय आहे? तर 2006 मध्ये जोशुआ ब्लॉकने, म्हणजे जावाच्या लायब्ररीतला बायनरी सर्च ज्याने स्वतः लिहिला त्याच माणसाने, जाहीर सांगून टाकलं की त्यात बग आहे आणि तो साधारण नऊ वर्षं तिथेच ठाण मांडून बसलाय. आणि कहर म्हणजे हा अल्गोरिदम काही कोणी मनाने ठोकून दिलेला नव्हता, जॉन बेंटलीने तो रीतसर सिद्ध करून दाखवला होता.

बग कुठे होता तर मधला नंबर काढण्यात. शोधायच्या भागाच्या पहिल्या नोंदीचा नंबर म्हणजे लो, शेवटच्या नोंदीचा म्हणजे हाय, आणि मधला म्हणजे लो अधिक हाय, भागिले दोन. कागदावर अगदी बरोबर. पण 32 बिटच्या इंटिजरमध्ये, म्हणजे मशीनमधल्या पूर्णांकात, जास्तीत जास्त 2147483647 एवढाच आकडा मावतो, म्हणजे 214 कोटींच्या थोडं पुढे, आणि यादीत 107 कोटींपेक्षा जास्त नोंदी असल्या की लो आणि हायची बेरीज ती हद्द ओलांडू शकते, मग आकडा पलटी खाऊन ऋण होतो आणि प्रोग्रॅम यादीच्या ‘उणे अमुक’ नंबरच्या खणात हात घालायला जातो आणि आपटतो. उपाय अर्ध्या ओळीचा आहे, हायमधून लो वजा करा, त्याचं अर्धं करा आणि ते लोमध्ये मिळवा. मग बेंटलीची सिद्धता चुकली होती का? अजिबात नाही. ती गणितातल्या पूर्णांकांसाठी होती आणि गणितातले पूर्णांक कधी भरून सांडत नाहीत. मशीनमधले सांडतात.

मला फॉर्मल मेथड्स, म्हणजे सॉफ्टवेअर गणिताने सिद्ध करायच्या पद्धती, या विषयात सगळ्यात इंटरेस्टिंग काय वाटतं तर हेच. लोकांना वाटतं ‘सिद्ध केलंय’ म्हणजे आता ब्रह्मदेव आला तरी चुकणार नाही, आणि दुसरी पार्टी असते तिला वाटतं की हा सगळा पीएचडीवाल्यांचा टाइमपास आहे, खऱ्या प्रोजेक्टात कोण करतं. दोघंही चूक. शाळेतली भूमिती आठवा, प्रमेय लिहिताना आपण तीन मथळे द्यायचो, पक्ष, साध्य, सिद्धता. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश हे पटवायला बाईंनी काय जगातले सगळे त्रिकोण कोनमापकाने मोजायला लावले नव्हते, एकच कुठलाही त्रिकोण घेऊन सिद्ध केलं आणि ते सगळ्यांना लागू झालं. टेस्टिंग म्हणजे कोनमापक घेऊन एकेक त्रिकोण मोजत बसणं. फॉर्मल व्हेरिफिकेशन म्हणजे प्रमेय लिहिणं. यात साध्य म्हणजे तुम्हाला सिस्टिमकडून काय हवंय ते, उदाहरणार्थ ‘गाडी चालू असताना दार उघडणार नाही’. सिद्धता आता बऱ्यापैकी कॉम्प्युटरच करतो किंवा निदान तपासतो. आणि पक्ष म्हणजे आपण काय काय गृहीत धरलंय ते, की कंपायलर (लिहिलेल्या कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) नीट आहे, चिप मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे वागते, सेन्सर खोटं बोलत नाही, इंटिजर सांडत नाहीत. सिद्धतेकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण घात बहुतेक वेळा पक्षात नाहीतर साध्यात होतो, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दलच आहे.

आधी हे बघू की नुसत्या टेस्टिंगने का भागत नाही. 32 बिटचे दोन इनपुट घेणारं एकच फंक्शन घ्या. त्याच्या सगळ्या जोड्या तपासायच्या तर सेकंदाला 100 कोटी टेस्ट या वेगाने साधारण 584 वर्षं लागतील. बरं, सगळं नको, फक्त भरवसा बसेल इतकं टेस्ट करू म्हटलं तरी आकडे ऐका. रेल्वे सिग्नलिंगमध्ये सगळ्यात वरचा सेफ्टीचा दर्जा म्हणजे सिल-4, आपली ‘कवच’ यंत्रणा त्याच दर्जाची आहे, त्यात धोकादायक बिघाडाचं प्रमाण फार तर 10 कोटी तासांत एक इतपत चालतं, आणि विमानात ज्या बिघाडाने विमानच जाईल त्याच्यासाठी तर 100 कोटी तासांत एक. 100 कोटी तास म्हणजे एक लाख वर्षांहून जास्त. कोण चालवून बघणार आहे? म्हणूनच रेल्वेच्या ईएन 50128 या युरोपियन स्टँडर्डने सिल-3 आणि सिल-4 साठी फॉर्मल मेथड्सची जोरदार शिफारस केली होती. सक्ती नाही हां, शिफारस. त्यामुळे सिल-4 चा शिक्का दिसला म्हणून आतलं सॉफ्टवेअर गणिताने सिद्ध केलंच असेल असं समजायचं कारण नाही.

आता थेरॅक-25 ची गोष्ट, जी या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ असते पण तिच्यातला एक बारीक भाग बरेच जण सांगतच नाहीत. हे कॅन्सरच्या रेडिएशनचं मशीन, कॅनडाच्या एईसीएल कंपनीचं. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा पेशंटना त्यातून प्रमाणाबाहेर डोस बसला, निदान तिघं त्यात गेले. आधीच्या मॉडेलमध्ये सेफ्टीसाठी हार्डवेअरचे इंटरलॉक, म्हणजे धोका असेल तर बीम चालूच न होऊ देणारे अडसर, होते, या मॉडेलमध्ये ते काढून ती जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाकली. टेक्सासमध्ये झालं असं की ऑपरेटरने इलेक्ट्रॉनऐवजी एक्स-रे मोड टाइप केला, लगेच लक्षात आलं म्हणून कर्सर वर नेऊन दुरुस्त केला आणि झटपट पुढे गेली. मशीनच्या मॅग्नेटना सेट व्हायला आठ-एक सेकंद लागायचे आणि तेवढ्यात केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या एका भागाला कळायची, दुसऱ्याला नाही. हळूहळू टाइप करणाऱ्याला हा बग कधीच दिसला नसता, हात सराईत झाल्यावरच दिसणार होता.

सहसा राहून जातो तो भाग हा. वॉशिंग्टन राज्यात याकिमाला 1987 च्या जानेवारीत जो अपघात झाला त्याचं कारण वेगळंच निघालं. प्रोग्रॅममध्ये एक व्हेरिएबल होतं, ते शून्य नसेल तर अर्थ असा की बीमच्या वाटेतलं साहित्य जागेवर आहे की नाही ते तपासायला हवं, शून्य असेल तर तपासायची गरज नाही. ते ‘शून्य नाही’ करायला सरळ 1 ठेवला असता तर विषय संपला असता, पण लिहिणाऱ्याने काय केलं, दर फेरीला त्यात 1 मिळवत गेला. व्हेरिएबल होतं एका बाइटचं. एका बाइटमध्ये 0 ते 255 एवढंच मावतं, म्हणजे दर 256 व्या फेरीला ते आपोआप परत शून्यावर यायचं, आणि नेमक्या त्याच क्षणी ऑपरेटरने ‘सेट’ दाबलं तर तपासणी गाळून बीम पूर्ण ताकदीने चालू. म्हणजे परत तोच भरून सांडणारा इंटिजर, फक्त या वेळी पलीकडे टेबलावर माणूस झोपलेला.

टेस्टिंग करणारा माणूस 256 व्या फेरीच्या त्या क्षणी बटण दाबेल याची शक्यता किती? पण मॉडेल चेकर नावाचा जो प्रकार आहे त्याला हा बग म्हणजे किरकोळ काम आहे. मॉडेल चेकर काय करतो, तुमची सिस्टिम कुठकुठल्या अवस्थेत असू शकते त्या सगळ्या अवस्थांचा नकाशाच काढतो आणि प्रत्येक अवस्थेत साध्य मोडतंय का ते बघतो. बाइटच्या 256 किमती, बटण दाबलं-नाही दाबलं, साहित्य जागेवर आहे-नाही, असे गुणाकार करत गेलं तरी हजार-दोन हजार अवस्था, त्यातली ती एक त्याला दिसणारच, कारण तो ‘बहुतेक असं होत नाही’ म्हणून कुठली अवस्था सोडत नाही. आणि बग सापडला की नुसता ‘फेल’ म्हणून गप्प बसत नाही, पहिल्या पायरीपासून घात होईपर्यंतचा पूर्ण रस्ता काढून देतो. खरं सांगायचं तर इंजिनियर लोक या टूलच्या प्रेमात पडतात ते सिद्धतेपायी नाही, या रस्त्यापायी.

अडचण अशी की अवस्था भराभर वाढतात. दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे प्रोग्रॅमचे भाग), प्रत्येकात 10 पायऱ्या, त्या एकमेकांत मिसळायचे प्रकार होतात 184756. तिसरा तसाच थ्रेड आणला की तोच आकडा साडेपाच लाख कोटींवर जातो. यावर तोडगे काढण्यात या क्षेत्राची निम्मी हयात गेली. एडमंड क्लार्क, ॲलन एमर्सन आणि जोसेफ सिफाकिस यांना मॉडेल चेकिंगसाठी 2007 चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं ते उगीच नाही.

हे फक्त रेल्वे-विमानवाल्यांचं आहे असंही नाही. ॲमेझॉनच्या क्लाउडवाल्यांनी 2011 पासून टीएलए प्लस वापरायला घेतलं, ही लेस्ली लॅम्पोर्टची भाषा, त्यात कोड लिहीत नाहीत, डिझाइन लिहितात. त्यांच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या डिझाइनमध्ये टूलला एक बग सापडला, डेटा जाऊ शकेल असा, आणि तिथपर्यंत पोचायचा सगळ्यात जवळचा रस्ता 35 पायऱ्यांचा होता. अमुक मशीन बंद पडलं, मग तमुक मेसेज उशिरा आला, मग परत चालू झालं, असं करत 35. डिझाइन रिव्ह्यू झाला होता, कोड रिव्ह्यू झाला होता, टेस्टिंग झालं होतं, कोणाला दिसलं नाही. रिव्ह्यूला बसलेल्या माणसाच्या डोक्यात 35 पायऱ्यांची साखळी मावतच नाही, त्याला तरी काय बोलणार.

मॉडेल चेकिंग बहुतेक वेळा डिझाइनवर चालतं. पण डिझाइन बरोबर आणि कोड चूक, असंही होतं की. मग दुसरा रस्ता आहे, कोडच सिद्ध करत करत लिहायचा. याचं दाखवण्यासारखं उदाहरण म्हणजे पॅरिस मेट्रोची 14 नंबरची लाइन, 1998 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, पहिल्या दिवसापासून ड्रायव्हरशिवाय. तिचं सेफ्टीचं सॉफ्टवेअर बी-मेथड नावाच्या पद्धतीने केलं, ती जाँ-रेमाँ आब्रियाल यांची. यात सुरुवात कोडपासून होत नाही. सुरुवातीला अगदी वरवरचं वर्णन लिहायचं, म्हणजे ‘रुळाच्या एका तुकड्यावर एका वेळी एकच गाडी’ या धर्तीचं, त्यात गाडीला कसं कळतं, मेसेज कसा जातो वगैरे काहीच नाही. मग त्याच्याखाली जरा जास्त तपशिलाचं वर्णन, आणि सिद्ध करायचं की खालच्याने वरच्याला दिलेला शब्द मोडलेला नाही. मग आणखी खाली, परत सिद्ध करायचं. असं उतरत उतरत शेवटी इतकं बारीक वर्णन होतं की त्यातून कोड आपोआप काढता येतो. पॅरिसच्या बाबतीत एडा भाषेतला 86 हजार ओळींचा कोड निघाला आणि त्यासाठी 27 हजारांहून जास्त छोट्या-छोट्या गोष्टी सिद्ध कराव्या लागल्या. बऱ्याचशा टूलने आपोआप केल्या, उरलेल्या माणसांनी टूलशी झटापट करत केल्या. पण त्या भागाचं युनिट टेस्टिंग, म्हणजे कोडचा एकेक तुकडा सुटा तपासणं, त्यांनी गाळून टाकलं, आणि नंतरच्या टेस्टिंगमध्येही त्या सिद्ध केलेल्या कोडमध्ये बग निघाला नाही. मॅनेजरला सांगून बघा की युनिट टेस्ट करत नाही, चेहरा बघण्यासारखा होतो.

सेफ्टीचं असं आहे की समोर निसर्ग आहे, तो मुद्दाम वाकड्यात शिरत नाही. सिक्युरिटीत समोर माणूस आहे, त्याला पगारच वाकड्यात शिरण्याचा मिळतो. त्यामुळे तिथे पक्ष लिहिताना जास्त सांभाळावं लागतं. 1978 मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी एक प्रोटोकॉल दिला, दोघांनी नेटवर्कवर एकमेकांची ओळख पटवायची कशी याचा. जेमतेम तीन मेसेज. समजा अलकाला बाळूशी बोलायचंय. अलका एक नवाकोरा गुप्त आकडा घेते आणि आपल्या नावासकट बाळूच्या कुलपात बंद करून पाठवते, जे फक्त बाळूला उघडता येतं. बाळू उघडतो, अलकाचा आकडा आणि स्वतःचा एक नवा आकडा असे दोन्ही अलकाच्या कुलपात घालून परत पाठवतो. अलका बघते, आपला आकडा परत आला म्हणजे पलीकडे बाळूच आहे, आणि बाळूचा आकडा त्याच्या कुलपात घालून परत करते, म्हणजे बाळूलाही कळतं की अलकाच आहे. झालं.

परत एकदा वाचा आणि भोक शोधा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काही दिसलं नव्हतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, 17 वर्षं कोणालाच दिसलं नव्हतं, उलट मधल्या काळात तर्कशास्त्राच्या एका पद्धतीने तो बरोबर असल्याचंही दाखवून झालं होतं. 1995 मध्ये गॅव्हिन लोव यांना हल्ला सापडला आणि पुढच्या वर्षी त्यांनी एफडीआर नावाच्या मॉडेल चेकरकडून तोच हल्ला आपोआप काढून दाखवला. हल्ला असा. सदू नावाचा तिसरा माणूस आहे, तोही त्याच नेटवर्कवरचा रीतसर मेंबर. अलका स्वतःहून सदूशी बोलायला जाते, नेहमीसारखा पहिला मेसेज सदूच्या कुलपात पाठवते. सदू उघडतो, जसाच्या तसा बाळूच्या कुलपात घालतो आणि बाळूला पाठवतो. बाळूला वाटतं अलका आली, तो दोन आकडे अलकाच्या कुलपात घालून पाठवतो. सदूला ते उघडता येत नाही, पण उघडायची गरजच काय, तो ते तसंच अलकाकडे ढकलतो. अलका उघडते, आपला आकडा बरोबर आलाय, म्हणजे सदूनेच पाठवलं असणार असं समजून दुसरा आकडा सदूच्या कुलपात घालून परत करते. आता सदूच्या हातात बाळूचा गुप्त आकडा आला. तो बाळूला पोचवला की बाळूच्या लेखी सदू म्हणजेच अलका.

कुलूप फोडलं नाही, किल्ली चोरली नाही. मूळ विचार करताना सगळ्यांनी शत्रू बाहेरचा धरला होता, मेंबर मंडळी प्रामाणिक धरली होती, घरभेदी कोणी असेल हे पक्षातच नव्हतं. बरं, दुरुस्ती काय, तर दुसऱ्या मेसेजमध्ये बाळूने आपलं नाव घालायचं. बस. मग अलकाला दिसतं की हे उत्तर सदूचं नाही. एका नावाची किंमत. यानंतर प्रोटोकॉल टूलमध्ये घालून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही ही पद्धत हळूहळू रुळली, आणि टीएलएस 1.3, म्हणजे तुमच्या बँकेच्या साइटवर कुलपाचं चिन्ह दिसतं त्याच्या मागचं जे काही आहे ते, तयार होत असतानाच संशोधकांनी टॅमरिन आणि प्रोव्हेरिफसारख्या टूलमधून काढलं. ते स्टँडर्ड 2018 मध्ये आलं.

आता पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिमचं काय? विंडोज किंवा लिनक्सएवढं सिद्ध करणं आज तरी कोणाच्या आवाक्यात नाही, पण सगळ्यात आतला गाभा, म्हणजे कर्नल, अगदी छोटा ठेवला तर जमतं हे सिडनीच्या निक्टा संस्थेतल्या टीमने 2009 मध्ये दाखवलं. त्या कर्नलचं नाव एसईएल4. सी भाषेतल्या साधारण 8700 ओळी. त्यांची सिद्धता जवळपास दोन लाख ओळींची. सगळं मिळून वीसेक माणूस-वर्षं गेली, आणि ही सिद्धता इझाबेल नावाच्या टूलमध्ये आहे, म्हणजे प्रत्येक पायरी मशीनने तपासलेली, ‘यावरून उघड आहे की’ म्हणून उडी मारायची सोय नाही. पुढे अमेरिकेच्या डार्पाने, म्हणजे लष्करी संशोधनाच्या सरकारी संस्थेने, एका प्रोजेक्टात बोइंगच्या लिटल बर्ड या मानवरहित उडू शकणाऱ्या हेलिकॉप्टरवर हा कर्नल बसवला आणि हॅकर्सच्या टीमला सांगितलं, घ्या, आतल्या एका भागाचा पूर्ण ताबा आम्हीच तुम्हाला देतो, तिथून बाहेर पडून उड्डाणाच्या कंट्रोलपर्यंत पोचून दाखवा. त्यांना स्वतःचा भाग पाडता आला, भिंत ओलांडता आली नाही. मला या उदाहरणात आवडतं ते हे की आख्खं सॉफ्टवेअर सिद्ध केलेलं नव्हतं, फक्त भिंती सिद्ध केल्या होत्या, आत कचरा असला तरी तो आपल्या खोलीत राहतो.

आणि तरी, 2018 मध्ये स्पेक्टर आलं. प्रोसेसर वेग वाढवायला पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतो, अंदाज चुकला तर पुसून टाकतो, पण कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या जवळच्या झटपट मेमरीत, त्याच्या खुणा उरतात आणि कशाला किती वेळ लागला यावरून गुपित काढता येतं. एसईएल4 ची सिद्धता यात खोटी पडली का? नाही पडली, तिच्या पक्षात स्पष्ट लिहिलेलं होतं की हार्डवेअर ठरल्याप्रमाणे वागतं असं धरलंय, आणि वेळेवरून होणारी गळती आम्ही सिद्ध करत नाही. त्यांनी लपवलं नव्हतं, त्यांच्या साइटवर ही यादी उघड आहे. म्हणून कोणी ‘आमचं प्रॉडक्ट फॉर्मली व्हेरिफाइड आहे’ म्हणालं की मी आधी ती यादी मागतो, आणि ती नसेल तर समजून जायचं.

पक्षाचं झालं, साध्य चुकल्याचं उदाहरण म्हणजे वायफाय. डब्ल्यूपीए2 मध्ये तुमचा फोन आणि राउटर चार मेसेजची देवाणघेवाण करून किल्ली ठरवतात, त्या देवाणघेवाणीची सिद्धता 2005 मध्ये झाली होती. 2017 मध्ये मॅथी व्हॅनहूफ यांनी क्रॅक हल्ला दाखवला आणि बहुतेक सगळी वायफाय उपकरणं त्यात सापडली. तिसरा मेसेज परत पाठवायला लावला की फोन तीच किल्ली पुन्हा बसवतो आणि त्यासोबतचा काउंटर परत सुरुवातीला येतो, मग डेटा झाकायला वापरायची आकड्यांची एकच माळ दोनदा वापरली जाते आणि डेटा उघडा पडायला लागतो. आता साध्य काय होतं तर ‘किल्ली तिसऱ्या कोणाला कळणार नाही’ आणि ‘दोघांची ओळख पटेल’. हल्ल्यात यातलं काहीही मोडलं नाही! किल्ली शेवटपर्यंत गुप्तच राहिली. ती एकदाच बसवायची, हे साध्यात कोणी लिहिलंच नव्हतं. सिद्धतेला तुम्ही विचारलं तेवढ्याचंच उत्तर मिळतं, ती काही आगाऊपणे जास्तीचं सांगत नाही.

2017 मध्येच एक अभ्यास आला, त्यात सिद्ध केलेल्या तीन डिस्ट्रिब्युटेड (अनेक मशीनवर मिळून चालणाऱ्या) सिस्टिम्स संशोधकांनी खरवडून बघितल्या, 16 बग निघाले. मूळ प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे जे सिद्ध केलं होतं त्यात, एकही नाही. सगळे कडेला, जिथे सिद्ध केलेला कोड बाकीच्या जगाला जोडला जातो तिथे, नाहीतर स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे साध्य लिहिण्यात, नाहीतर टूलमध्येच. याच्या उलट्या बाजूने कॉम्पसर्ट बघा, झाविए लेरवा आणि मंडळींचा सिद्ध केलेला सी कंपायलर. अमेरिकेत युटा युनिव्हर्सिटीच्या टीमने 2011 मध्ये सीस्मिथ नावाच्या टूलने वेगवेगळ्या कंपायलरांत मिळून सवातीनशेहून जास्त बग काढले, आणि त्यांनीच लिहून ठेवलंय की कॉम्पसर्टच्या सिद्ध केलेल्या मधल्या भागात सहा सीपीयू-वर्षं घालवूनही चुकीचा कोड काढायला लावणारा बग मिळाला नाही. दोन्ही निकाल एकच सांगतात खरं तर, सिद्ध केलंय तिथे बग नाही, बग शोधायचा तर हद्दीवर शोधा.

खर्चाचं म्हणाल तर एसईएल4 सारखं संपूर्ण काम अजूनही महागच आहे, पण सगळ्यांना तेवढं लागत नाही. साध्य छोटं केलं की काम स्वस्त होतं. एअरबसच्या ए340 च्या फ्लाइट कंट्रोल सॉफ्टवेअरच्या 132 हजार ओळी ॲस्ट्रे नावाच्या टूलने 2003 मध्ये तपासल्या, साध्य एवढंच की शून्याने भागाकार, ॲरेच्या बाहेर हात, इंटिजर सांडणं असले प्रकार कधीच होणार नाहीत, आणि तेव्हाच्या साध्या पीसीवर ते काम 1 तास 20 मिनिटांत झालं, पूर्ण आपोआप. यात विमान बरोबर दिशेला वळेल हे सिद्ध होत नाही हं, पण याकिमाच्या थेरॅकमध्ये आणि बायनरी सर्चमध्ये जे झालं ते होत नाही. आपल्याकडेही हे काम चालतं, आयआयटी मुंबईत या विषयाचं स्वतंत्र सेंटर उभं राहिलं, आणि टीसीएसच्या पुण्यातल्या रिसर्च टीमचं व्हेरिॲब्स हे टूल 2020 च्या आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर व्हेरिफिकेशन स्पर्धेत ‘प्रोग्रॅम या चुकीच्या जागी पोचू शकतो का’ या गटात पहिलं आलं होतं. पुण्यात निम्म्या लोकांना हे माहीत नसतं, वेब फ्रेमवर्कचं नवीन व्हर्जन मात्र आलं की दुपारच्या आत कळतं.

आणि ज्यांच्याकडे मेट्रो नाही, हेलिकॉप्टर नाही, फक्त एक पेमेंटचं पेज आहे, त्यांनी काय करायचं? साध्य लिहून बघायचं, तेवढंच, मराठीत लिहिलं तरी चालेल. ‘पैसे कटले असतील तर ऑर्डर झालेली असेल किंवा रिफंड सुरू झालेला असेल.’ ‘एका ऑर्डरचे पैसे दोनदा कटणार नाहीत.’ हे टीमसमोर ठेवा. पाच मिनिटांत कोणीतरी विचारेल की बँकेचं उत्तरच आलं नाही तर ‘कटले’ म्हणायचं का, दुसरा म्हणेल रिफंड सुरू असताना ग्राहकाने परत पे दाबलं तर, तिसरा म्हणेल दोन सर्व्हरनी एकाच वेळी रिट्राय केलं तर, आणि ही सगळी भांडणं कोडची एक ओळ न लिहिता होतील, जी एरवी रात्री दोन वाजता कॉलवर होतात. मग ती दोन वाक्यं आणि बँक, सर्व्हर, ग्राहक यांच्या पायऱ्या टीएलए प्लसमध्ये घाला. एवढ्या लहान मॉडेलला लॅपटॉपवर फार वेळ लागत नाही. टूल फुकट आहे, लॅम्पोर्ट यांनी स्वतः शिकवलेला व्हिडिओ कोर्सही फुकट आहे. आणि मॉडेल लिहिताना वर एक कॉमेंट टाका, ‘काय गृहीत धरलंय’, त्याखाली पहिली ओळ बहुधा हीच येईल की बँक एकच मेसेज दोनदा पाठवत नाही. ती लगेच खोडा, बँक पाठवते.